शेअर्ड पॉइंटर टाकायच्या आधी मालक कोण ते ठरवा

सी प्लस प्लसमध्ये मेमरी मागायच्या न्यू आणि परत द्यायच्या डिलीटचा वैताग आला की बरेच जण एक काम करतात, जिथे जिथे साधा पॉइंटर होता तिथे तिथे शेअर्ड पॉइंटर टाकून मोकळे होतात. मी पण केलंय. सुरुवातीला भारी वाटतं, क्रॅश बंद, डिलीट कुठे लिहायचं हा विचारच बंद, आणि मग हळूहळू कळायला लागतं की ऑब्जेक्ट आता मरतच नाहीयेत, किंवा मरतायत पण भलत्या वेळी आणि भलत्या थ्रेडवर. कोडमध्ये कुणालाही विचारा की बाबा हे ऑब्जेक्ट नक्की कुणाचं, तर उत्तर येतं "सगळ्यांचं". आणि सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही.

शेअर्ड पॉइंटर म्हणजे "सेफ पॉइंटर" नाही हो. ते एक विधान आहे, की या ऑब्जेक्टवर माझी पण मालकी आहे आणि मी धरून आहे तोवर ते मरणार नाही. हे विधान खरं असेल तरच तो वापरायचा, एवढं एक डोक्यात ठेवून पुढचं सगळं वाचा.

उदाहरण सगळीकडे एकच घेतो, टेक्स्ट एडिटर. एक डॉक्युमेंट आहे, ते दोन-तीन विंडोंमध्ये एकाच वेळी उघडलंय, मागे ऑटोसेव्हचा एक थ्रेड चालू आहे. कोड शब्दांतच सांगतो, टाईप करायला बसलात की नावं ओळखू येतील.

आधी युनिक, मग जमलं नाही तर शेअर्ड

प्रत्येक ऑब्जेक्टसाठी स्वतःला विचारायचं, याला शेवटचं कोण सोडणार हे मला आत्ता, कोड लिहिताना, माहितीये का? माहिती असेल तर मालक एकच आहे आणि तिथे युनिक पॉइंटर. विंडोच्या आतला टूलबार विंडोचाच, विंडो गेली की तो गेला, इथे मालक किती ते कशाला मोजत बसायचं. डॉक्युमेंटचं मात्र तसं नाही. युजर पहिली विंडो आधी बंद करेल का दुसरी, आणि तेव्हा ऑटोसेव्ह अर्ध्यात असेल का, हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणजे शेवटचा माणूस रनटाइमलाच ठरणार. ही खरी शेअर्डची जागा. माझा अनुभव असा की नीट विचार केला तर अशा जागा फार थोड्या निघतात.

खर्चाचा फरक पण बघा. ६४ बिट मशीनवर साधा युनिक पॉइंटर ८ बाइटचा असतो, म्हणजे नुसत्या पॉइंटरएवढाच. शेअर्ड साधारण १६ चा, कारण त्यात दोन पॉइंटर असतात, एक ऑब्जेक्टकडे आणि एक कंट्रोल ब्लॉककडे. कंट्रोल ब्लॉक म्हणजे बाजूला ठेवलेली हिशोबाची वही, त्यात किती जण मालक आहेत तो स्ट्राँग काउंट, किती जण नुसते लक्ष ठेवून आहेत तो वीक काउंट, आणि ऑब्जेक्ट नष्ट कसं करायचं त्याची माहिती. शेअर्डची कॉपी झाली की स्ट्राँग काउंट एकने वाढतो, कॉपी नष्ट झाली की कमी होतो, शून्य झाला की ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर चालतो, म्हणजे मरताना आवराआवर करणारं फंक्शन. मूव्ह केलं, म्हणजे प्रत न काढता आपली मालकीच पुढे देऊन टाकली, तर काउंटला हातच लागत नाही, म्हणून जिथे स्वतःची प्रत पुढे देऊन टाकायचीये आणि परत लागणार नाहीये तिथे मूव्ह करा.

अजून एक, ऑब्जेक्ट बनवून देणारं फंक्शन असेल तर ते युनिकच रिटर्न करू दे. युनिकचा शेअर्ड कधीही करता येतो, उलटं करता येत नाही. घेणारा ठरवेल त्याला काय हवंय ते.

बनवायचा कसा

मेक शेअर्ड वापरा. त्यात ऑब्जेक्ट आणि कंट्रोल ब्लॉक एकाच वेळी एकाच तुकड्यात घेतले जातात, वेगळं न्यू करून मग शेअर्डमध्ये घातलं तर दोन वेळा मेमरी मागावी लागते. याची एक गंमत आहे जी लोकांना उशिरा कळते. तुकडा एकच असल्यामुळे स्ट्राँग काउंट शून्य झाल्यावर डिस्ट्रक्टर चालतो खरा, पण ती मेमरी परत जाते शेवटचा वीक पॉइंटर, म्हणजे मालकी न घेता नुसतं लक्ष ठेवणारा, गेल्यावरच. ऑब्जेक्टच्या पोटातच काही एमबीचा ॲरे असेल आणि वीक पॉइंटर कुठेतरी कॅशमध्ये पडून राहत असतील तर हे जाणवतं. व्हेक्टर असेल तर प्रश्न नाही, त्याचा डेटा बाहेर असतो आणि डिस्ट्रक्टर तो सोडून देतो.

फाईल हँडलसारखं काही असेल, जिथे डिलीट न करता क्लोज करायचंय, तिथे मेक शेअर्ड चालत नाही कारण त्याला स्वतःचा डिलीटर देता येत नाही. तिथे शेअर्डच्या कन्स्ट्रक्टरलाच हँडल आणि डिलीटर द्यायचा.

आता सगळ्यात जुनी चूक. एकाच साध्या पॉइंटरपासून दोन वेगवेगळे शेअर्ड बनवणे. दोन वह्या तयार होतात, दोघींतही काउंट एक, दोघींना एकमेकींचा पत्ता नाही, आणि दोघीही आपापल्या वेळी ऑब्जेक्ट डिलीट करतात. दुसऱ्यांदा डिलीट झालं की काय होईल त्याचा नेम नाही, कधी लगेच क्रॅश, कधी तासाभराने तिसऱ्याच ठिकाणी क्रॅश. तुम्ही म्हणाल असं कोण करतं, पण शेअर्डमधून गेट ने काढलेला साधा पॉइंटर कुणीतरी पुढच्या फंक्शनला देतो आणि तिथला माणूस "चला सेफ करू" म्हणून परत शेअर्डमध्ये गुंडाळतो, असं होतं. आणि दुसरी जागा म्हणजे क्लासच्या आतून धिस चा, म्हणजे ऑब्जेक्टच्या स्वतःकडेच बोट दाखवणाऱ्या पॉइंटरचा, शेअर्ड बनवणे. डॉक्युमेंटला स्वतःलाच ऑटोसेव्हकडे सोपवायचंय म्हणून आतून सरळ शेअर्ड पॉइंटर ऑफ धिस केलं की झाली दुसरी वही.

त्यासाठी क्लासला एनेबल शेअर्ड फ्रॉम धिस पासून पब्लिक इन्हेरिट करायचं आणि आतून शेअर्ड फ्रॉम धिस मागायचं, मग आहे त्याच वहीत नोंद होते. फक्त कन्स्ट्रक्टरमध्ये मागू नका, कारण तेव्हा वही त्याला जोडलेलीच नसते, सी प्लस प्लस १७ पासून तिथे बॅड वीक पॉइंटरचं एक्सेप्शन येतं. त्याआधीच्या स्टँडर्डमध्ये तर काय होईल याची खात्रीच नव्हती.

फंक्शनला देताना

इथे सगळ्यात जास्त फुकटची कॉपी होते. फंक्शनच्या पॅरामीटरचा टाइप वाचूनच समोरच्याला कळलं पाहिजे की हे फंक्शन मालकीत पडतंय का नुसतं काम करून सोडतंय. डॉक्युमेंटमधले शब्द मोजणाऱ्या फंक्शनला शेअर्ड पॉइंटर कशाला हवाय? त्याला डॉक्युमेंटचा साधा रेफरन्स द्या. मग तेच फंक्शन युनिकमधल्या डॉक्युमेंटवर चालेल, स्टॅकवरच्या पण चालेल, आणि टेस्ट लिहिताना सुटसुटीत. शेअर्ड बाय व्हॅल्यू घ्यायचा तो फक्त ज्याला स्वतःकडे ठेवून घ्यायचंय त्याने, म्हणजे विंडोच्या कन्स्ट्रक्टरने, आणि घेऊन मेंबरमध्ये मूव्ह करायचा. कॉन्स्ट रेफरन्सने शेअर्ड घेणं हे मधलं, "कदाचित ठेवीन कदाचित नाही" वाल्यांसाठी, मला ते फारसं लागत नाही.

"पण रेफरन्स दिला आणि मधेच ऑब्जेक्ट मेलं तर?" बरोबर शंका आहे. तुमच्या लोकल व्हेरिएबलमध्ये शेअर्डची प्रत असेल तर फंक्शन संपेपर्यंत ते मरत नाही, निश्चिंत राहा. गडबड तेव्हा होते जेव्हा शेअर्ड ग्लोबल असतो किंवा कुठल्यातरी मेंबरमध्ये असतो, तुम्ही त्याच्यातल्या ऑब्जेक्टचा रेफरन्स खाली देता, आणि खाली पाचव्या फंक्शनमध्ये कुणीतरी तोच मेंबर रीसेट करतो. तुमचा रेफरन्स हवेत. उपाय साधा आहे, वरच्या फंक्शनमध्ये आधी एक लोकल कॉपी घ्या, मग त्यातून रेफरन्स द्या. एक कॉपी, वरच्या टोकाला, आणि खाली कितीही खोल जा.

सायकल, म्हणजे खरी डोकेदुखी

रेफरन्स काउंटिंग, म्हणजे वहीत मालक मोजायची ही पद्धत, काही नवीन आयडिया नाही. जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० मध्ये याद्या हाताळण्यासाठी ही पद्धत मांडली, आणि १९६३ मध्ये मॅकबेथ यांनी दाखवून दिलं की याद्या एकमेकींकडे गोल फिरून बोट दाखवत असतील तर काउंट शून्यावर येतच नाही. साठ वर्षं होऊन गेली, दुखणं तेच आहे, आपण फक्त वीक पॉइंटर नावाची गोळी घेतो.

विंडोकडे डॉक्युमेंटचा शेअर्ड आहे. डॉक्युमेंट बदललं की विंडोंना कळवायचंय म्हणून डॉक्युमेंटकडे पण विंडोंची यादी आहे. ती यादी शेअर्डची केली की झालं कल्याण, विंडो बंद केली तरी डॉक्युमेंट तिला धरून, ती डॉक्युमेंटला धरून, दोघांचाही काउंट एकवर अडकलेला आणि बाहेरून कुणीच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. इथे परत तोच प्रश्न, डॉक्युमेंट हे विंडोचं मालक आहे का? नाही. त्याला फक्त विंडो जिवंत असेल तर निरोप द्यायचाय. म्हणून यादी वीक पॉइंटरची.

वीक वापरताना आधी लॉक म्हणायचं. ऑब्जेक्ट जिवंत असेल तर तो शेअर्ड देतो, नसेल तर रिकामा शेअर्ड. मग मिळालेला शेअर्ड रिकामा नाहीये ना ते बघून काम करायचं. आधी एक्सपायर्ड, म्हणजे ऑब्जेक्ट मेलंय का, विचारून मग लॉक करणं बंद करा, त्या दोन ओळींच्या मधे दुसऱ्या थ्रेडने ऑब्जेक्ट मारलं तर एक्सपायर्डचं उत्तर शिळं झालेलं असतं. आणि यादीतून फिरताना मेलेले वीक काढून टाकायला विसरू नका, नाहीतर यादीच फुगत बसते.

झाडासारख्या रचनेत नियम सोपा, वरून खाली मालकी, खालून वर नुसतं बोट. पॅरेंटकडे मुलांचे युनिक, मुलाकडे पॅरेंटचा साधा पॉइंटर. मुलं बाहेर कुणी धरून ठेवत असेल, म्हणजे पॅरेंट मेल्यावरही मूल जगू शकत असेल, तर मुलांचे शेअर्ड आणि वर जाणारा वीक.

एवढं सगळ्यांना माहिती असतं, फसतात लॅम्डात, म्हणजे जागच्या जागी लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनमध्ये. माझं सांगतो. एका प्रोजेक्टमध्ये आमची सर्व्हिस रात्रभर चालली की मेमरी चढलेली असायची, सकाळी रिस्टार्ट करायचो आणि कामाला लागायचो. सगळे क्लास तपासले, मेंबरमध्ये कुठेच गोल नाही, वीक जिथे पाहिजे तिथे आहे. तीन दिवस गेले त्यात. शेवटी सापडलं ते असं, एका ऑब्जेक्टकडे टायमर मेंबर होता, टायमरला दिलेल्या लॅम्डाने त्याच ऑब्जेक्टचा शेअर्ड कॅप्चर केलेला, म्हणजे आत धरून ठेवलेला, आणि ती ओळ मीच लिहिलेली. ऑब्जेक्टकडे टायमर, टायमरकडे लॅम्डा, लॅम्डाकडे ऑब्जेक्ट. क्लासची व्याख्या वाचून हे दिसतच नाही कारण कॅप्चर केलेला शेअर्ड हा लपलेला मेंबर असतो.

मग नियम काय, लॅम्डात कायम वीक कॅप्चर करायचा का? नाही, आणि हे मला नंतर कळलं. नेटवर्कवरून एकदा वाचून संपणाऱ्या ऑपरेशनच्या कॉलबॅकमध्ये लोक मुद्दाम स्वतःचा शेअर्ड कॅप्चर करतात, म्हणजे उत्तर येईपर्यंत सेशन जिवंत राहतं. ते बरोबर आहे, कारण कॉलबॅक एकदा चालला की फेकला जातो आणि सायकल आपोआप तुटते. प्रश्न फक्त अशा कॉलबॅकचा आहे जो त्याच ऑब्जेक्टच्या मेंबरमध्ये, किंवा त्या मेंबरच्या पोटात, कायमचा बसतो. तिथे वीक कॅप्चर करा, आत गेल्या गेल्या लॉक करा, रिकामं आलं तर रिटर्न. म्हणजे विचारायचं काय, की हा लॅम्डा कोण सांभाळतंय आणि किती वेळ.

थ्रेड आणि डिस्ट्रक्टर

शेअर्ड पॉइंटर थ्रेड सेफ आहे असं कुणी म्हणालं तर विचारा, त्यातलं नक्की काय? वहीतला काउंट सेफ आहे, तो ॲटॉमिक असतो, म्हणजे दोन थ्रेडनी एकदम बदलला तरी चुकत नाही. आतलं ऑब्जेक्ट सेफ नाही, त्याचं म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप, तुम्हीच बघा. आणि शेअर्डचं एकच व्हेरिएबल दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरलं, एक वाचतोय एक बदलतोय, तर तेही सेफ नाही. प्रत्येक थ्रेडकडे स्वतःची प्रत असू दे. एकच व्हेरिएबल शेअर करणं भागच असेल तर म्युटेक्स, किंवा सी प्लस प्लस २० मधला ॲटॉमिक शेअर्ड पॉइंटर. यूज काउंट, म्हणजे आत्ता मालक किती तो आकडा, बघून निर्णय घेणारा कोड दिसला तर काढून टाका, दुसरे थ्रेड असताना तो आकडा वाचेपर्यंत जुना झालेला असतो, डीबगिंगला छापायला ठीक आहे.

पण मला जास्त त्रास झालाय तो डिस्ट्रक्टर कुठे चालतो याचा. जो शेवटचं सोडतो त्याच्या थ्रेडवर डिस्ट्रक्टर चालतो, सरळ हिशोब. युजरने सगळ्या विंडो बंद केल्या तेव्हा ऑटोसेव्हकडे एक प्रत होती, मग डॉक्युमेंट मरणार ऑटोसेव्हच्या थ्रेडवर, आणि त्याच्या डिस्ट्रक्टरने स्क्रीनवरच्या कशाला हात लावला तर बसा शोधत. त्याहून वाईट म्हणजे म्युटेक्स धरलेलं असताना शेवटची प्रत सोडणं आणि डिस्ट्रक्टरने आत तेच म्युटेक्स मागणं. अडकला प्रोग्राम तिथेच. म्हणून म्युटेक्स धरून मॅपमधून शेअर्ड काढायचा असेल तर आधी लोकलमध्ये मूव्ह करून घ्या, म्युटेक्स सोडा, आणि मग त्या लोकलला मरू द्या.

ऑटोसेव्हसाठी मला आवडणारा मार्ग वेगळाच आहे. त्याला चालू डॉक्युमेंट द्यायचंच नाही, मजकुराचा न बदलणारा स्नॅपशॉट द्यायचा, म्हणजे कॉन्स्ट टाइपचा शेअर्ड. युजरने टाईप केलं की नवीन स्नॅपशॉट तयार होतो, जुना ऑटोसेव्ह वापरत असेल तोवर जगतो आणि नंतर आपोआप जातो. जे बदलतच नाही ते कितीही जणांनी धरलं तरी भांडण नाही, आणि म्युटेक्सची कटकट पण बरीचशी गेली.

अजून एक किरकोळ वाटणारी गोष्ट. लिंक्ड लिस्टमध्ये पुढच्या नोडचा शेअर्ड ठेवला, आणि नोड लाखांमध्ये असले, तर पहिला सोडल्यावर त्याचा डिस्ट्रक्टर दुसऱ्याला मारतो, तो तिसऱ्याला, आणि हे सगळं रिकर्शनने, स्टॅक संपून क्रॅश होऊ शकतो. युनिकने पण हेच होतं. लिस्टच्या डिस्ट्रक्टरमध्ये लूप लावून एकेक नोड सोडवत जा.

दुसऱ्या भाषांत काम करत असाल तर ओळखीचं वाटेल सगळं. रस्टमध्ये आरसी आणि एआरसी असे दोन वेगळे प्रकार आहेत, दुसरा ॲटॉमिक, आणि पहिला चुकून दुसऱ्या थ्रेडला पाठवायला गेलात तर कंपायलरच अडवतो, हे मला फार आवडतं. स्विफ्टमध्ये काउंटिंगचा कोड कंपायलर घालतो पण क्लोजरमधली, म्हणजे तिथल्या लॅम्डातली, सायकल तोडायचं काम तुमचंच. नेहमीचं पायथन पण काउंटच करतं, फक्त सायकल शोधायला वेगळा कलेक्टर फिरत असतो.

झालंय का ते तपासायचं कसं

ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारं टूल, लावून टेस्ट चालवा, डबल डिलीट आणि मेलेल्या ऑब्जेक्टला हात लावणं लगेच पकडलं जातं. लिनक्सवर सहसा त्याच्यासोबतच लीक, म्हणजे न सोडलेली मेमरी, शोधणारा लीक सॅनिटायझर चालतो, सायकलवाली लीक असेल तर रिपोर्टमध्ये बऱ्याचदा नुसत्या इनडायरेक्ट लीक, म्हणजे दुसऱ्या लीक झालेल्या तुकड्यातून पोचता येणाऱ्या, दिसतात, डायरेक्ट एकही नाही. तसं दिसलं की गोल शोधायला लागा.

पण सॅनिटायझरला न सापडणारा एक प्रकार आहे, ऑब्जेक्ट कुठल्यातरी ग्लोबल यादीत अडकलंय, पोचता येतंय म्हणून ते लीक मोजलं जात नाही, पण तुमच्या दृष्टीने ते कधीच मरायला हवं होतं. त्यासाठी मी एक छोटी टेस्ट लिहितो, महत्त्वाच्या प्रत्येक क्लाससाठी एक. डॉक्युमेंट बनवायचं, त्याचा एक वीक बाजूला ठेवायचा, दोन विंडो उघडायच्या, थोडं टाईप करायचं, ऑटोसेव्ह चालू द्यायचा, सगळं बंद करायचं, ऑटोसेव्हचा थ्रेड संपेपर्यंत थांबायचं, आणि मग वीकला विचारायचं एक्सपायर्ड आहेस का. इथे एक्सपायर्ड विचारणं चालतं कारण दुसरं कुणी उरलेलंच नाहीये. उत्तर "नाही" असं आलं तर विंडो, ऑटोसेव्ह असं एकेक काढून टेस्ट परत चालवत जा, जो काढल्यावर उत्तर बदलतं त्याच्याच आसपास कुठेतरी शेअर्ड अडकलेला असतो.